पदराखालचं काळं

माझ्या आईचा एकच फोटो आहे, असं आमच्या घरात सगळे सांगायचे. आणि त्या एका फोटोत तिला तोंड नव्हतं.

वडूजजवळच्या आमच्या घरी, धाकट्या चुलत्याच्या लग्नात काढलेला तो सगळ्या घरादाराचा फोटो. पुरुष खुर्च्यांवर, बायका मागं उभ्या, सगळ्यांचे पदर कपाळाच्या पुढं ओढलेले. फोटोवाल्यानं त्यांना भर बाराच्या उन्हात उभं केलं होतं. त्याला अक्कल नव्हती की त्याची गाडी चुकत होती, कोण जाणे. व्हायचं तेच झालं. पुरुषांच्या टोप्या पांढऱ्याफेक उठल्या आणि बायकांच्या पदराखाली नुसतं काळं. त्या रांगेत डावीकडून तिसरी, रुंद जरीकाठाचं लुगडं नेसलेली, ती तुझी आई, असं आबा सांगायचे. आबा म्हणजे माझे वडील. ते तेव्हा फौजेत होते आणि लग्नाला नव्हते. पण ते लुगडं त्यांनीच आदल्या सुट्टीत सोलापूरहून आणलेलं, त्यामुळं सुट्टीवर आल्यावर फोटो बघताच त्यांनी काठ ओळखला.

फोटो माझ्या जन्माच्या वर्षभर आधीचा. मी दीड वर्षाची असताना आई दुसऱ्या बाळंतपणात गेली. तिचं माहेर जतकडचं, तिथं मागं कुणी उरलं नव्हतं. आबांनी दुसरं लग्न केलं, दुसऱ्या आईनं मला काही कमी केलं नाही, हेही सांगून टाकते, नाहीतर लोक लगेच हळहळायला लागतात. मला जाच नव्हता. मला फक्त माझ्या आईचं तोंड बघायचं होतं. कशी होती गं, असं कुणालाही विचारलं की उत्तर एकच, "चांगली हुती." अहो, चांगली म्हणजे काय? नाक कसं? कपाळ केवढं? चुलत्याला विचारलं तर तो म्हणायचा, "मी नवरदेव. मला कुनाकडं बघायचं भान हुतं व्हय?" असा संताप यायचा म्हणून सांगू!

सत्तरच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मी मास्तरीण व्हायच्या शिक्षणासाठी सांगलीला आले. येताना ट्रंकेत त्या फोटोची निगेटिव्ह घेऊन आले. फोटोवाल्यानं ती चुलत्याला देऊन टाकली होती आणि चुलत्यानं ती पंचांगात घालून ठेवली होती. सांगलीत आमच्या विद्यालयाच्या वाटेवर एक जुना स्टुडिओ होता. मालक साठीचे, जैन, पांढरं धोतर, काळा कोट, कपाळाला गंधाचा ठिपका. सगळे त्यांना मास्तर म्हणत. मी निगेटिव्ह त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी ती खिडकीशी धरली, भिंग लावलं, बराच वेळ बघितलं.

"आहे," ते म्हणाले.

"काय आहे?"

"पदराखाली तोंड आहे. अगदी पातळ उठलंय, पण आहे."

मी म्हटलं, मग काढून द्या की. मास्तरांनी निगेटिव्ह परत पाकिटात घातली. म्हणाले, एवढी एक बाई काढायला आठवडा जाईल, वीस कागद जातील, आणि माझ्यापुढं लग्नसराईचे ढीग पडलेत. तुला एवढी निकड आहे तर तूच शिक. दुपारी ये, फोटो कापायला, चिकटवायला मदत कर, मी शिकवतो.

मी हो म्हटलं. दोन आठवड्यांचं काम, असा माझा हिशेब. घरी पत्र टाकलं की मी फोटो धुवायला शिकतेय. आमच्याकडं रोल धुणं, फोटो धुणं असाच शब्द. आबांचं उलट पत्र आलं, "घरची धुणी कमी पडली काय?" पण खाली एक ओळ होती, "आईचं तोंड आलं तर कळव."

आता ऐका माझी रडकथा.

मास्तर सूर्यास्तानंतर जेवत नसत, त्यामुळं पाच वाजले की दुकान बंद. माझं विद्यालय सुटायचं एकला. जेवून पोचेपर्यंत दोन. म्हणजे रोजचे तीन तास, त्यातला एक फोटो कापण्यात. अंधारखोली म्हणजे जिन्याखालची खोपटी, उभं राहिलं की डोकं पायरीला लागायचं. पोरीबाळीला परक्या पुरुषाबरोबर अंधारात कसं उभं करायचं, म्हणून मास्तरांच्या बायकोनं, काकूंनी, दाराबाहेर पाट मांडला. तिथं बसून त्या तांदूळ निवडायच्या आणि पडद्याआडून सारख्या बोलायच्या. "आहेस का गं?" असं दर पाच मिनिटांनी. आहे की! जाऊ कुठं, भिंतीतून?

पहिला महिना नुसत्या पुड्या कालवण्यात गेला. डेव्हलपर, म्हणजे फोटो उठवायचं औषध, तयार मिळायचा नाही, घरीच करायचा. चार-पाच पुड्या असायच्या, त्या ठरल्या क्रमानंच पाण्यात घालायच्या. मी एकदा दुसरी आधी घातली. पहिली विरघळेचना, तळाशी बसून राहिली. मी ढवळ ढवळ ढवळलं. मास्तर आले, बघितलं, बाटली मोरीत ओतली आणि म्हणाले, "पुन्हा." ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ओरडत नसत हाच त्यांचा मोठा दोष. मी आपली मनात भांडण रचून तयार, आणि हा माणूस "पुन्हा" म्हणून चष्मा पुसत बाहेर जायचा.

मग बांगड्या. हातभर काचेच्या बांगड्या होत्या माझ्या. पहिल्याच रोलवर त्यांनी लांब रेघा ओढल्या. मास्तर म्हणाले, काढ. काकू बाहेरून म्हणाल्या, काढू नकोस गं, भुंडे हात बरे दिसत नाहीत. शेवटी मी त्या कोपरापर्यंत वर सारून वर रुमाल बांधला. मग केसांचं तेल. मी वेणीला हात लावायची आणि तोच हात निगेटिव्हला. एका कुटुंबाच्या आजोबांच्या कपाळावर माझ्या अंगठ्याचा ठसा उठला, चांगला रुपयाएवढा. मास्तरांनी तो बारीक कुंचल्यानं तासभर बसून झाकला. तेवढा वेळ मी शेजारी उभी.

रोल धुणं तर मी आयुष्यात कुणाला करायला सांगणार नाही. तिथं लाल दिवासुद्धा नाही, मिट्ट काळोख. रोलचं एक टोक ह्या हातात, दुसरं त्या हातात, आणि ट्रेमधल्या डेव्हलपरमधून तो खालीवर, खालीवर हलवायचा. घड्याळ बाहेर दुकानात. वेळ झाली की काकू ओरडून सांगायच्या, अशी तिथली पद्धत. वर्षानुवर्षं नवराबायको असंच करत आले होते.

मे महिना होता. मास्तर कुंभोजला गेलेले. जाताना मला एक साखरपुड्याचा रोल देऊन गेले, "आता तुला जमेल" म्हणून. मी फुशारले. काकू बाहेर बसल्या, मी आत रोल हलवतेय. हलवतेय, हलवतेय. हात भरून आले. वाटलं, वेळ फारच झाली. "काकू?" उत्तर नाही. "ओ काकू!" बाहेरून आवाज येतोय तो काकूंचाच, पण भाजीवालीशी बोलतायत. दोडके कडू निघाले म्हणून तिला झापतायत. मी दार उघडू शकत नाही, उजेड आत येईल. रोल सोडू शकत नाही. मी जीव खाऊन ओरडले, "काकू, मेला तुमचा दोडका!" तेव्हा त्या धावत आल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, झाली की गं वेळ! कधीच झाली!" त्यात सांगलीचा उन्हाळा, डेव्हलपर कढत झालेला, बर्फ घालायचं मी विसरलेली. पाण्यात घालून रोलवरून बोटं फिरवली तर त्याच्यावरचा थर सायीसारखा निघून हातात आला. नवरी, नवरदेव, भटजी, सगळे माझ्या बोटांवर.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यामुलाचे वडील आले. मास्तर अजून परतले नव्हते. मला सांगावं लागलं. ते खाली बसले, टोपी काढली, आणि म्हणाले, "मग आता काय करायचं म्हनता बाई? परत साखरपुडा करू काय?"

तोच करावा लागला. मास्तरांनी आल्यावर दोन्हीकडच्यांना तेच कपडे घालून स्टुडिओत बोलावलं. नवरीच्या हातात ठेवायला साखर काकूंच्या डब्यातली. सगळे इतके हसत होते की दोनदा फोटो हलला, आणि मी आत अंधारखोलीत दात ओठ खात बसलेली. त्या दिवशी मी ठरवलं होतं की उद्यापासून यायचं नाही. पण निगेटिव्ह मास्तरांच्या कपाटात होती. त्यांनी ती मला हाताळू दिली नव्हती, "आधी हात बसू दे" म्हणून. तिच्याकरता परत गेले.

आता कागदावर फोटो उठवायची पाळी आली. एन्लार्जरमध्ये निगेटिव्ह घालायची, खाली कागद ठेवायचा, दिवा लावायचा, ठरावीक वेळ उजेड द्यायचा, दिवा बंद. मग कागद डेव्हलपरमध्ये टाकला की फोटो वर येतो. सगळं त्या ठरावीक वेळेत आहे. कमी झाली तर फोटो पांढरट, जास्त झाली तर काळा. मास्तर निगेटिव्ह बघून सांगायचे, "एक दे." किंवा "दीड दे." किंवा "ह्याला पावणेदोन." मी एक म्हणजे दहा आकडे धरले. एक ते दहा मोजले की एक. कुणी सांगितलं नव्हतं, मीच धरलं. आणि माझा एकही फोटो धड येईना. "उजेड कमी." "आता जास्त." "पुन्हा." मी हळू मोजलं, भरभर मोजलं, मनात मोजलं, बोटांवर मोजलं. कागदाचे तुकडे वाया घालवत मी तिथं जून काढला, जुलै काढला. बाहेर कृष्णेला पाणी आलेलं, नळाला गढूळ पाणी, तेही फडक्यातून गाळून घ्यायचं. मैत्रिणी हरिपूरला फिरायला जायच्या आणि मी जिन्याखाली मान वाकडी करून एक, दोन, तीन, चार.

एक दिवस माझं डोकं फिरलं. ट्रेमधला ओला कागद मी भिंतीवर आपटला. "आवं मास्तर, एक म्हंजे किती?" रागात असले की माझी गावाकडची भाषा वर येते.

मास्तर गोंधळले. "एक म्हणजे एक."

"एक काय? एक शेर? एक कोस?"

"एक णमोकार," ते म्हणाले. "मी म्हणतो की. तुला ऐकू येत नाही होय?"

लाल दिव्यात त्यांचे ओठ हलताना मी रोज बघत होते! मला वाटलं होतं, एका परक्या पोरीबरोबर कोंडलेत म्हणून बिचारे देवाचं नाव घेतायत. आणि हा मनुष्य चाळीस वर्षं त्यांच्या त्या जैन मंत्रावर फोटो मोजत होता! वडलांनी तसं शिकवलं, त्यांनी तसंच चालवलं, आणि जगात कुणी दुसऱ्या कशावर मोजत असेल हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. दोन महिने! माझे दोन महिने, ह्यांच्या ओठांत!

मी रडले. खरंच रडले, रागानं. काकू बाहेरून "काय झालं गं, काय झालं?" करत होत्या. मास्तर घाबरेघुबरे झाले. मग त्यांनी मला तिथंच, लाल दिव्यात, मंत्र शिकवला. शांतपणे, प्रत्येक ओळीनंतर श्वास घेऊन. मी तो पाठ केला आणि त्या आठवड्यात माझा पहिला धड फोटो आला, एका पैलवानाचा.

पण माझं सुख कुठं टिकतंय! मंत्र तोच, पण माझी चाल रोज वेगळी पडायची. मन ठिकाणावर असलं की फोटो बरोबर. डोकं तापलं असलं की मी भरभर म्हणायची आणि फोटो पांढरट. मास्तरांना ते इतकं कळायला लागलं की ओला फोटो लाल दिव्याशी धरून विचारायचे, "आज कुणाशी भांडलीस?" कधी मेसवालीशी, कधी विद्यालयाच्या अधीक्षिकेशी. काकू म्हणायच्या, हिला आधी ताक द्या, मग आत पाठवा. द्यायच्याही.

दिवाळीच्या तोंडावर मास्तरांनी कपाट उघडलं आणि ते पाकीट माझ्या हातात दिलं. "घे. तुझी बाई."

एन्लार्जर वर, आणखी वर, टोकापर्यंत नेला, तेव्हा त्या रांगेतली तिसरी बाई एकटी कागदावर मावली. पदराचा काठ उजळ, खाली सावली. त्या सावलीत काहीतरी होतं. मास्तरांनी सगळ्यात कडक कागद काढून दिला. कडक म्हणजे काळ्यापांढऱ्यात चांगलाच फरक दाखवणारा. काठाला तीन द्यायचे, तोंडाला जेमतेम एक. म्हणजे तोंडाला उजेड मिळाला की त्याच्यावर सावली धरायची, छत्रीच्या तारेला लावलेल्या पुठ्ठ्याच्या गोल तुकड्यानं, आणि तारेचीही सावली उठू नये म्हणून हात सारखा हलता ठेवायचा. पहिला फोटो काळा आला, दुसरा काळा, तिसऱ्यात पुठ्ठ्याची सावली गळ्यावर पडली आणि बाई मान कापल्यासारखी दिसली. मी जपून, हळू, एकेक अक्षर म्हणत होते, आईचं तोंड आहे म्हणून जास्तच हळू. आठ दिवस हेच. रोज तेच काळं, घरच्या भिंतीवरच्या फोटोतलं, फक्त मोठं. मी मास्तरांना म्हटलं, तुम्ही खोटं बोललात, ह्यात काही नाही. ते म्हणाले, आहे. मी म्हटलं, मग तुम्ही काढा. ते म्हणाले, "माझी नाही, तुझी आहे."

नवव्या दिवशी अधीक्षिकेनं मला सगळ्या वर्गासमोर उभं केलं. दुपारची कुठं उंडारतेस, स्टुडिओत जायला तू काय नाटकवाली आहेस का, असं बोलली. मी तणतणत आले. काकू ताक घेऊन उठल्या, मी घेतलं नाही. कागद लावला, दिवा लावला, मंत्र कसा म्हटला देवालाच माहीत, एस.टी.च्या कंडक्टरनं गावं ओरडावीत तसा. पुठ्ठा हलवला, दिवा बंद केला, कागद ट्रेमध्ये फेकला आणि पाठ करून उभी राहिले.

"बघ," मास्तर म्हणाले.

पाण्याखालून एक हनुवटी वर आली. मग ओठ, जरासे उघडे, खालचा जाड. मग नाक, रुंद, नथ असलेलं. डोळे उन्हानं बारीक केलेले, पण होते. दोन्ही होते. ती माझ्याकडं बघत होती. घाई केली म्हणून उजेड कमी पडला होता आणि तेवढाच हवा होता. मास्तर हळूच म्हणाले, "आज कुणाशी भांडलीस?" काकूंनी न विचारता दार उघडलं, तोपर्यंत फोटो हायपोत, म्हणजे तो पक्का करणाऱ्या पाण्यात, गेला होता म्हणून वाचला. त्यांनी एकदा ट्रेत बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि म्हणाल्या, "अगं, तूच की!"

मी रात्रभर तो फोटो उशीखाली ठेवला नाही, वाकेल म्हणून. टेबलावर ठेवला आणि आरसा शेजारी. हनुवटी माझी. खालचा ओठ माझा. बावीस वर्षं मला वाटत होतं मी कुणासारखीच नाही.

दिवाळीच्या सुट्टीत घरी जाताना मी वाट वाकडी करून साताऱ्याला उतरले. दुसऱ्या आईसमोर तो फोटो एकदम आबांपुढं ठेवायचा मला धीर झाला नाही. साताऱ्यात माझी आत्या होती, आबांची धाकटी बहीण. तिनं माझ्या आईबरोबर एका घरात दिवस काढलेले. म्हटलं, आधी हिला दाखवू.

आत्या चकल्या पाडत होती. हात पुसून तिनं फोटो घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि एकदम खुदकन हसली. "आगं बया! मी किती बारीक हुते गं!"

"आत्या, ती आई आहे."

"आगं न्हाई. मी हाय ही. ही बघ नथ, माझ्या सासूची. आता बी हाय माझ्याकडं." ती उठून आत गेली आणि नथ घेऊन आली. मी नथीकडं बघितलं नाही, तिच्या हनुवटीकडं बघितलं. बावीस वर्षं ती हनुवटी माझ्यासमोर होती.

"लुगडं तर आईचं आहे," मी म्हटलं.

आत्या फोटो खाली ठेवून बसली. मग तिनं सांगितलं. आबांनी पत्र पाठवलं होतं की भावाच्या लग्नाला सुट्टी घेऊन येतो. आईनं ते लुगडं घडी न मोडता त्या दिवसासाठी ठेवलेलं. हळद झाली, लग्नाचा दिवस आला, आबा आलेच नाहीत. "तुझी आई सकाळधरनं धुमसत हुती. फोटूवाला आला तवा म्हनली, ज्यानं आनलं त्यो न्हाई, मी कुनासाठी नेसू? आनि लुगडं माझ्या अंगावर फेकलं. नेस तू, म्हनली. माझ्या सासरची मानसं समोर बसल्याली, माझं लुगडं ठिगळाचं. मी नेसले. म्हायेरात कोन पदर वढतंय, पर सासू समोर हुती म्हनून वढला. तुझी आई चुलीम्होरं जाऊन बसली. सगळ्यांनी हाका मारल्या. आली न्हाई म्हंजे न्हाईच."

"आणि एवढी वर्षं तू गप्प?"

"तिनं आमा समद्या बायांस्नी शपथ घातली हुती. राग उतरल्यावर तिलाच वाईट वाटलं. म्हनली, त्यास्नी सांगू नगा, त्यास्नी लागंल. मग ती गेली. मग कशाला सांगू? आन मला कुनी इचारलं बी न्हाई."

मी तिच्यावर भडकले. फोटोवाल्यावर भडकले, आबांवर, आईवर. एका सकाळचा फणकारा! एवढा एक फोटो जन्मात निघणार होता, आणि ही बाई रुसून चुलीपुढं बसली! मी आत्याला म्हटलं, तुम्हाला तिला हाताला धरून आणता येत नव्हतं? पळीभर अक्कल नव्हती कुणाला? आत्या ऐकत राहिली. मग म्हणाली, "तोंडावळा तुझा समदा आमच्या घरचा हाय. पर ह्यो राग हाय न्हवं, ह्यो तिचा. अक्षी अशीच उबी ऱ्हायची ती, कमरंवर हात ठेवून." मी कमरेवरचे हात काढले. आत्यानं फोटो मागितला, मी दिला नाही. पिशवीत कोंबला आणि वडूजची गाडी धरली.

घरी पोचले तेव्हा आबा अंगणात खाट टाकून बसले होते. मी चप्पल काढायच्या आत त्यांनी विचारलं, "आलं का तोंड?"

सगळं माझ्या ओठांवर होतं. गाडीत मी वाक्यं जुळवत आले होते. तुम्ही येतो म्हणून आला नाहीत, तुमच्यामुळं मला आई नाही, असं आणि आणखी बरंच.

"तुझ्या आईला मी शबूद दिला हुता, त्या लग्नाला येतो म्हनून," आबाच म्हणाले. "सुट्टी मंजूर झाली न्हाई. मला वाटलं, लय रागावली आसंल. भ्यालो हुतो घरी यायला. मग ह्यो फोटू बघितला. मी आनल्यालं लुगडं नेसून हुबी. तवा म्हनलं, न्हाई, राग न्हाई तिला." "कवा बी मन खाया लागलं की मी त्यो फोटू बघतो. तोंड न्हाई दिसत, पर लुगडं दिसतं."

पिशवी माझ्या खांद्यावर होती. आत माझ्या हातून आलेला सगळ्यात चांगला फोटो होता.

"न्हाई आलं आबा," मी म्हटलं. "काळंच आलं. मला अजून नीट जमत न्हाई."

"जाऊ दे," ते म्हणाले. "पर राग नसंल तिला. व्हय गं?"

"नसंलच," मी म्हटलं.